अर्धा इंच माया

लोखंडी मांडणी पडली ती रात्री दोनला.
ज्वारीच्या पिठात उडदाचं पीठ मिसळलं,
वर मीठही पडलं, बेतानं.
झाडू हातात घेऊन उभी राहिले आणि हसूच आलं:
पारोळ्यात कळणा असाही होतो तर.

आठ दिवस त्याच भाकरी खाल्ल्या, ठेच्याशी.
आठ दिवस भिकन मिस्त्री सांगत राहिला,
"सकाय येसू ना, ताई."
त्याची सकाय म्हणजे उद्या.
उद्या म्हणजे लग्नसराई संपल्यावर.

नवव्या दिवशी मागच्या दारी गेले.
रस्ता रुंद झाला तेव्हा पाडलेला निंब
फळ्या होऊन पडला होता ताडपत्रीखाली,
कोंबड्या त्यावर झोपायच्या.
निंबाला कीड लागत नाही.
माझ्या डाळींना लागते.

एकवीस वर्षं ब्लाउज शिवते मी,
निम्म्या गावाचे खांदे तोंडपाठ.
भिंतीचं माप ते काय?
गळ्यातली टेप काढली,
भिंतीला म्हटलं, श्वास सोड, ताठ राहू नको.
तेलाच्या डब्याची उंची घेतली,
बरण्यांचा घेर,
मिरचीच्या पोत्याची बसलेली कंबर,
आणि सगळ्यात वरच्या फळीसाठी
माझाच हात, खांद्यापासून बोटांपर्यंत,
पाटावर न चढता.

मोहसीनकडून करवत आणली, गुण्या आणला.
कशाला, असं त्यानं विचारलं नाही,
एवढंच म्हणाला, करवतीला घाई कळते.
कळते.
पहिली फळी तिरकी गेली,
ती आता कोंबड्यांना परत दिली आहे.

भुसा कडू. ओठांवर, तांब्यातल्या पाण्यात,
संध्याकाळच्या भाकरीतसुद्धा.

तीन दिवसांनी चौकट उभी राहिली.
उचलून नेली, खिडकी आणि कोपऱ्याच्या मध्ये,
जाईना.
दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच जास्त.

तेव्हा कळलं,
हातानं सवयीनं माया सोडली होती.
माणसाचं अंग भरतं, बाळंतपणं होतात,
म्हणून आम्ही आत दुमडून ठेवतो अर्धा इंच,
पुढे कधी उसवावं लागलं तर.
लाकडाला कोण सोडतं?

बसले. चहा केला. तो निवला.
पुन्हा कापायचं म्हणजे सगळे सांधे खोलायचे,
आणि सरस तर वाळलेला.
मग पटाशी घेतली
आणि भिंतीलाच उसवलं.
गुलाबीखाली निघाला पिवळा,
पिवळ्याखाली नीळ घातलेला चुना,
त्याखाली वीट,
थंड, वैशाखातही.
चौकट आत गेली,
घट्ट बाहीत हात जावा तशी, जरा अडून.

काल भिकन आला. लग्नं संपली असावीत.
फळीवरून तळवा फिरवला,
एक डोळा मिटून पाहिलं.
"हाई कोनी करं?"
मी.
"वाकडी शे थोडी."
असेल. मधल्या फळीवर लिंबं ठेवलीत,
अजून एकही घरंगळलं नाही.
मग त्यानं पिशवीतून कापड काढलं,
पोराचा शर्ट, घाई आहे म्हणाला.
म्हटलं, सकाय ये.

रात्री फळ्या वाजतात. निंब अजून वाळतोय.
दोन फळ्यांमधली फट दोरा जाईल एवढी होती,
आता ज्वारीचा दाणा जातो.
पावसाळ्यात फुगेल, बघू.

सगळ्यात वरची फळी रिकामीच आहे.
तिथे काय ठेवायचं, ठरलं नाही.
जाता-येता हात वर करते,
पोचतो का बघते.
पोचतो.