बाराला धर, अक्का

पतंग माझ्याकडे आला तो जखमी होऊन.
इरण्णा कलशेट्टीनं गोणीतून ओढून काढला,
पसरला, तर टेबल दिसेनासं झालं.
नऊ मीटरचा. नारिंगी. हिप्परग्याच्या बाभळीनं
पोटात हातभर फाडलेला.

मी गणवेश शिवते. खाकी, निळी चौकट,
पोरांच्या मापाला दोन बोटं वाढवून.
असलं कापड कधी सुईखाली आलं नव्हतं.
कागदासारखं कुरकुरतं, दाब द्यावा तर सरकतं,
आणि वरचा पंखा लावला की
झोपेत कुणी कूस बदलावी तसं हलतं.
झिगझॅग टाका घातला, दोन्ही अंगांनी पट्टी.
म्हटलं, पैसे राहू दे.
कुठं उडवतोस ते दाखव.

तीन हंगाम त्यानं रामेश्वरमला
दुसऱ्यांचे पतंग फुगवले होते, दुसऱ्यांच्या फळ्या वाहिल्या होत्या.
आता तुळजापूर रोडला उतरून
गुडघाभर पाण्याच्या कडेला तो मला सांगत होता,
"आभाळ म्हणजे घड्याळ, अक्का. वारा पाठीवर घे.
डोक्यावर बारा. डावीकडं नऊ, उजवीकडं तीन.
बाराला तो गप असतो. खाली आणलास की ओढतो.
आधी बाराला धरायला शीक की!"

माझे बारा म्हणजे मिलचा भोंगा.
आप्पांच्या डब्याची कडी निघायची ती वेळ.
भोंगा थांबला तेव्हा मी सातवीत होते.
आमच्या घरात त्यानंतर
बारा कधी धड वाजलेच नाहीत.

दोन रविवार नुसत्या मातीत.
तिसऱ्या रविवारी कमरेला पट्टा, डोक्याला टोप,
पोराची ट्रॅक पँट. तो म्हणाला, "विमा काढलायस ना?"
आणि पाणी.
फळी नाही, काही नाही, नुसतं अंग
पालथं ओढलं गेलं शेवाळातून,
नाकात तळं, तोंडात तळं,
पलीकडं म्हशी मान वळवून बघतायत.
ट्यूबवर बसलेला निवृत्ती जाळं आवरत ओरडला,
"बाई, मासे पार उजनीला गेले की!"

भीती वाटली की मूठ आवळते.
मूठ आवळली की दांडा छातीशी येतो,
दांडा आला की पतंग पिसाळतो,
पिसाळला की मूठ आणखी.
"सोड की, अक्का! सोड!"
कसं सोडू?
चाळीस वर्षांत एकच गोष्ट नीट शिकले:
दोरा हातातून जाऊ द्यायचा नाही.

कितव्या खेपेला ते आठवत नाही,
हात थकले म्हणून सुटले, धाडस वगैरे काही नाही.
आणि वर तो नारिंगी राक्षस
एकदम शहाण्यासारखा उभा राहिला.
वारा होता तेवढाच होता.
मी तेवढी त्याच्या आड येत नव्हते.

मग फळी. ती आषाढात.
ढग नुसते आले नि गेले, वारा मात्र कोरडा, भरघोस.
पतंग बारावरून दीडकडे सोडला
आणि कुणीतरी काखेत हात घालून
लहानपणी उठवायचं तसं उठवलं मला.
उभी राहिले.
पायांखाली पाणी फाटत गेलं,
सरळ, कात्रीनं फाडावं तसं,
आणि कुठं शिवण नाही.
काठावरच्या बाभळी मोजल्या, सात.
आठवीला पडले. आठवी तीच होती,
फाडणारी. माझी पट्टी
दोन्ही अंगांनी शाबूत.

इरण्णा म्हणतो वळायला शिक,
नाहीतर गेलीस तेवढं चालत यावं लागतं.
खरं आहे. चिखलातून, पतंग डोक्यावर घेऊन,
शेंगाचटणीच्या डब्यापर्यंत पाऊण तास.
वळणं अजून येत नाही.

आज सोमवार. लाईट गेलीय.
मशीन थांबलं, तसा खिडकीतून
धाग्यांचा पुंजका फरशीवरून सरकत
दाराकडे गेला.
पश्चिमेचा आहे. चांगला आहे.
मी बसल्या जागी जरा पाठ वळवून घेतली
आणि हात मांडीवर मोकळे ठेवले.
कॉलरी अजून बारा बाकी.