सव्वातीनला

ड्यूटीचा पहिला दिवस उजाडण्याआधीच
शुभदाने तक्ता करून ठेवला होता.
आडव्या ओळींत उपनगरं, उभ्या रकान्यांत
शाळा, भाडं, बस, चोऱ्या, भिंतींची ओल.
शेवटचा रकाना कोरा, वर फक्त 'इतर'.
तो भरायचं काम माझं,
कारण लीड्समध्ये सध्या नोकरी तिला आहे
आणि मला आहे दिवसभराचा बसचा पास.

वॉर्डातल्या मॉरीनबाईंनी तिला बजावलेलं,
घर बघायला सकाळी जाऊ नका,
सकाळी सगळीच घरं तोंड धुऊन बसलेली असतात.
सव्वातीनला जा, शाळेच्या फाटकाशी उभं राहा.
पोरं चालत सुटतात की पळत, ते बघा.
न्यायला आलेली माणसं
फोनकडे बघतात की एकमेकांकडे.

म्हणून मी आणि निषाद,
वय सहा, अजून शाळा नाही,
उजव्या बुटाची नाडी कायम सुटलेली.

सोमवारी हॉर्सफर्थ.
घर सुरेख. न्हाणीघरातसुद्धा ऊन.
एजंट 'फॅमिली-फ्रेंडली' असं म्हणायचा
जसा आमच्याकडचा दलाल म्हणायचा 'चोवीस तास पाणी',
नळाकडे न बघता.
शाळेची हद्द मात्र मागच्या गल्लीत संपलेली.
तीनशे ऐंशी यार्डांनी आम्ही बाहेर.
यार्ड म्हणजे केवढा, निषादने विचारलं.
मलाही नक्की माहीत नव्हतं.

मंगळवारी गार्फर्थ.
त्या एका गल्लीत इतकी शांतता
की आम्ही दोघं कुजबुजून बोलायला लागलो.
हिरवळ कातरलेली, पडदे ओढलेले,
एकाही दारात सायकल आडवी पडलेली नाही.
शुभदाला फोनवर सांगितलं, चोऱ्या नसाव्यात,
चोरण्याजोगं कुणी बाहेर ठेवतच नाही.
ती म्हणाली, हे तू चोऱ्यांच्या रकान्यात लिहितोयस का?

बुधवारी साताऱ्याहून सासऱ्यांचा फोन.
भूमापन खात्यात तीस वर्षं साखळी ओढलेला माणूस,
यार्डांचे मीटर त्यांनी तोंडी करून दिले, तीनशे सत्तेचाळीस,
वरचा अर्धा मीटर सोडून.
मग विचारलं, शेजार कसा आहे?
म्हटलं, अजून घरच नाही.
तर म्हणाले, घराचं मी विचारलंच नाही.

गुरुवारी मोर्ली.
एजंटने वेळ दिली नेमकी सव्वातीनची
आणि स्वतः आलाच नाही.
म्हणजे घरही हुकलं आणि फाटकही.
बंद दारासमोर आम्ही वीस मिनिटं.
तेवढ्यात निषाद मोठ्यांदा म्हणाला, बाबा, शू!
समोर एक बाई कचऱ्याचा डबा ओढत होती,
केसांत रोलर, पायांत पुरुषी सपाता.
शब्द तिला कळला नसणार,
पण पायाला पाय लावून उभं राहणं
कुठल्याही भाषेत तेच.
तिने डबा रस्त्यातच सोडला, दार उघडलं,
आणि मला हाताने खूण केली, तू थांब.

मी उंबऱ्याशी थांबलो. अकरा मिनिटं.
आत पाणी वाहिलं, मग कुत्रा भुंकला,
मग निषादचा आवाज, अर्धा मराठीत, अर्धा देवाला माहीत कशात,
आणि एका म्हाताऱ्याचं हसणं, खोकल्यापर्यंत गेलेलं.
बाहेर आला तेव्हा हातात बिस्कीट
आणि उजव्या बुटाला दुहेरी गाठ.
बाई म्हणाली, तुमचं ते घर ना,
मागच्या खोलीत ओल येते हं, आधीच सांगते.
आणि डबा घेऊन गेली.

रात्री तक्ता उघडला.
ओलीच्या रकान्यात लिहिलं, आहे.
खोडलं. परत लिहिलं.
'इतर'मध्ये लिहिलं, शू.
मध्यरात्री वॉर्डातून शुभदाचा मेसेज, म्हणजे काय?
एवढंसं लिहून सांगता येईना.
म्हटलं, रविवारी तू चल.

आणि निषाद गाठ सोडू देत नव्हता.
एका पायात बूट ठेवूनच झोपला,
पाय पांघरुणाबाहेर,
गादीला चिखल लागू नये म्हणून.