पोत्याखाली

कुडाळच्या शोरूममध्ये एसी इतका,
की पदराबरोबर आलेला सरजेकोट बंदराचा वास
जरा वेळ दाराशीच थांबला.

हर्षल पालयेकर. गळ्यात निळी पट्टी, हातात टॅब.
"सात सीटर? आठ महिने, ताई. कमीत कमी."
गणपतीनंतरचा मंगळवार होता. आठ महिने म्हणजे मे.
म्हणजे पर्यटक परतीच्या वाटेवर,
आणि गाडी दारात येणार
ती होड्यांच्या शेजारी ताडपत्रीखाली झोपायला.

कसली तरी चिप मिळत नाही म्हणाला, कुठल्या तरी देशातून.
मी मान डोलावली.
वारा फिरला, बर्फ आलं नाही, पर्ससीनवाल्यांनी ओरबाडून नेलं,
गिऱ्हाइकाला सांगायला माझ्याकडेही कारणं असतात.
त्यातली निम्मी खरी असतात.

मग यादी निघाली.
मॅट, सीटकव्हर, सुगंधाची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती,
विमा आमच्याकडूनच,
सगळं घेतलंत तर नंबर वर सरकेल.
"आणि गंजाचं कोटिंग. आपली खारी हवा, ताई."
एवढं मात्र खरं बोलला.
आमच्या दाराची कडी दर दोन वर्षांनी बदलावी लागते.
"आधी गाडी दाखय," मी म्हटलं, "मगे गंजाचा बघूया."

सतरा वर्षं लिलावात उभी आहे मी.
सुरमई कमी आली की दोन नग ओल्या पोत्याखाली ठेवते,
"हीच उरली" म्हणते,
आणि पोत्याकडे चुकूनही बघत नाही.
हर्षल अजून शिकतोय.
बोलता बोलता तीनदा त्याची नजर मागच्या काचेकडे गेली.

"पोत्याखाली किती आसत रे?"
"कसलं पोतं?"
"मागच्या अंगणातला."

त्याने टॅब पालथा ठेवला. कान लाल.
"एक आहे. कणकवलीच्या डॉक्टरांची. लोन अडकलंय.
पण रंग विटकरी."
विटकरी तर विटकरी.
देवबागला जाणाऱ्याला खिडकी लागते, रंग नाही.

मग आम्ही खरे बसलो.
कोल्ड्रिंक आलं, मी चहा मागवला.
बाटली गेली, मॅट गेली, सीटकव्हर निम्म्यावर आलं.
गणपती राहू दिला, देवाला नको कसं म्हणणार.
कोटिंग घेतलं.
विम्यावरून तो तसूभर हलला नाही,
आणि तिथेच मला तो आवडला.

पंचवीस हजार मोजले. एका नोटेला खवलं चिकटलेलं.
त्याने नखाने काढलं,
हात पुसायला रुमाल शोधला नाही.

पावतीवर तारखेच्या आधी छापलेलं: अंदाजे.
"अंदाज कोणाचो?"
"कंपनीचा."
"आणि डॉक्टरचा लोन झाला तर?"
"बघू ना, ताई."
"ता लिही."
त्याने लिहिलं नाही.

चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे
येताना एसटीत पाठ केले, होडीच्या नंबरासारखे.

पहाटे तारकर्लीचा हॉटेलवाला आला. "मावशी, सुरमई?"
"वेटिंग आसा," मी म्हटलं.
तो हसला नाही.
टोपलीकडे नाही, पोत्याकडे नाही,
माझ्या डोळ्यांकडे बघत राहिला.

मी समुद्राकडे बघू लागले.