क्वार्टर नंबर दोनची चाबी

लिहा जी. नाव लिहा: कौतिका भीमराव टेकाम.
काम: दवाखान्यात झाडझूड, फरशी पुसनं,
अन् रात्री-बेरात्री क्वार्टर नंबर दोनची चाबी.
पद कंत्राटी. चौदा वर्सं झाली.
हो, तेच लिहा, त्याले दुसरं नाव नाई.

प्रश्न पुन्हा वाचा बरं तुमचा.
"पदवीधर तरुणांना एक वर्षाची राष्ट्रसेवा
सक्तीची असावी काय?
होय. नाही. सांगता येत नाही."
चौथी चौकट नाई काय त्यात?

थांबा, पयले आत या. भिंत दाखवते.
या खोलीत बाँडवाले अकरा डाक्टर राह्यले.
कोनी खिया ठोकून गेला, कोनी आरसा सोडून गेला.
हे पाहा, खाटेच्या वरतं पेन्सिलीच्या रेघा,
चार उभ्या एक आडवी, चार उभ्या एक आडवी.
थो लातूरचा पोरगा, डाक्टर ऋतुपर्ण,
जेलातल्यावानी दिवस मोजे.
डबा परत पाठवे, म्हने तिखट हाये.
रेंजसाठी पान्याच्या टाकीवर चढे
अन् सप्पा गावाले आयकू ये,
"मम्मी, अजून एकशे नव्वद."

पन जंगूबाईच्या नातवाले साप चावला
तवा नाल्यावर पूर व्हता,
पांढरकवड्याहून गाडी याले पाच घंटे लागले.
पाची घंटे थो पोरगा फुगा दाबत बसला,
पोराच्या तोंडावरचा, श्वासाचा.
हात सुजले त्याचे.
सकायी येऊन रेघ मारली त्यानं.
मले वाटलं व्हतं त्या दिवशी विसरन.
नाई विसरला.

अन् थे नागपूरची मॅडम, सोताहून आलेली,
बाँड-गिंड काई नाई.
कोलामी शिकाची वही आनली व्हती तिनं,
मले ताई म्हने.
तेराव्या दिवशी बॅग भरली.
वही हाये माह्याजवय. तीनच शब्द लिहेल हायेत:
पानी, ताप, दुखते.

आता सक्तीले चांगलं म्हनू का वाईट?

माह्या पोराले इचारा. गजेंद्र.
वनीच्या कालेजातून बी.ए. झाला, दोन साल झाले.
पहाटे रोडवर धावते भरतीसाठी,
उंची एका सेंटीमीटरनं कमी भरली तरी धावते.
तुमच्या सर्वेचं आयकून म्हने,
"सक्तीची? म्हनजे बोलावतीनच?
पगार देतीन? माय, सही कुठं कराची?"
शहरातल्या पोराले जे शिक्षा वाटते
त्याची आमच्या घरी वाट पाहून राह्यलो.

पन एक मले समजत नाई जी.
त्याले कुठं पाठवसान?
सप्पाइले खेड्यात पाठवतात म्हनता,
थो तं खेड्यातच हाये.
पाठवा मंग पुन्याले, एक वर्स,
मोठ्या मोठ्या इमारतीत.
थ्या लोकाइले काई ना काई दुखत असनच.
त्यालेबी मारू द्या रेघा भितीवर,
चढू द्या कोन्या टाकीवर,
म्हनू द्या, "माय, अजून एकशे नव्वद."

होय लिहा.
नाई, थांबा.
"सांगता येत नाही"वर खून करू नका,
मले सांगता येते, तुमच्या कागदाले आयकता येत नाई.
खाली जागा हाये ना जराशी? थिथं लिहा:
मनाविरुद्ध आला तरी चालन,
रेघा मारल्या तरी चालन,
फुगा दाबाच्या येळेले हात पाह्यजे.
अन् भाजीतलं तिखट कमी कराले मी शिकली,
अकरा जनासाठी, अकरा खेपा,
थे कोनत्या रकान्यात येते, तेबी लिहा.

नाई येत? बरं. राहू द्या.
चहा घ्या.
बारावा सोमवारी येनार हाये.
गादी उन्हात टाकली, मटका भरून ठेवला.
भिंत नाई पुसली.
पेन्सिल इय्यानं टोकदार करून
खिडकीत ठेवली.