मुलांना दाखवण्यासारखा आहे का?

सुनेत्राचा फोन आला बुधवारी,
कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये:
"तो जादूगारांचा पिक्चर, त्याचा दुसरा भाग लागलाय.
मुलं डोकं खातायत. तू आधी बघून ये.
तसलं काही नाही ना त्यात, एवढंच सांग."

तसलं म्हणजे कसलं, हे आमच्या घरात
तीन पिढ्यांत कुणी उच्चारलेलं नाही.

तर मी गेले. एकटी. सातारा रस्त्यावर,
दुपारी बाराचा खेळ, पुढून तिसरी रांग.
दारातली मुलगी माझा चष्म्याचा डबा उघडून बघत राहिली
आणि भाजलेले शेंगदाणे पर्सच्या तळातून आत गेले.
पहिली हातचलाखी पाट्या पडायच्या आधीच झाली.

पाच जादूगार. मागच्या भागात सुटलेले,
म्हणून यात परत अडकतात.
एक बाई बॅगेत शिरते आणि पुढच्या स्टेशनात उतरते.
एक पोरगा कुणाच्याही मनातलं ओळखतो,
बापाच्या सोडून.
आणि एक हिरेवाला शेठ, इतका गोड हसणारा
की मला आमचे चेअरमनच आठवले.

रात्री अहवाल दिला:
बंदूक एक. सुटते, पण रुमाल निघतो.
रक्त नाही. दारू ग्लासातून गायब होते, पीत कुणी नाही.
चुंबन एक, अडीच सेकंद, मध्ये लिफ्टचं दार येतं.
शिवी एकच. ओजसला कळणार नाही,
शर्वाणीला आधीपासून येते.
"आणि चोरी?"
चोरी पिक्चरभर.
"ती चालेल," सुनेत्रा म्हणाली.

एक गोष्ट अहवालात नव्हती.
एकतीस वर्षं मी पतसंस्थेत कॅशला होते,
नारायण पेठ, दुसरा मजला, ओला स्पंज, शंभराच्या गड्ड्या.
पडद्यावर त्या पोराच्या हातातून पत्ते सळसळत गेले
तेव्हा माझा अंगठा मांडीवर आपोआप चालू झाला.
एक्कावन्न. एक पान त्याने दाबलं होतं.
मला दिसलं!

आणि आमच्या इथलं?
सोमवारी शटर अर्धं खाली, काचेवर चिकटपट्टीने नोटीस,
जिन्यात ढमढेरे, बंद गळ्याचा कोट, हातात पासबुक.
"बाई, तुम्ही तर रोज आत बसायचा."
ना धूर, ना ढोल, ना कुणी म्हणालं
बघा, माझे हात रिकामे आहेत.
रोज माझ्या बोटांखालून गेलं ते,
आणि मी फक्त नोटा मोजत होते.

रविवारी मुलांना घेऊन गेले.
बसमध्ये शर्वाणीने समजावलं,
"मावशी, ते ज्या हाताकडे बघा म्हणतात ना,
त्याच हाताकडे बघायचं नसतं."
बाराव्या वर्षी कळतं हे.

शेवटी तिजोरी उघडते, आत नुसतं एक कबूतर.
आणि सकाळी त्या गावात,
ज्यांचे ज्यांचे बुडाले होते त्यांच्या त्यांच्या दारात,
दुधाच्या बाटल्यांमध्ये नोटांच्या सुरळ्या.
एक म्हातारी पायरीवरच बसते,
बोट ओलं करते, मोजू लागते.
मी दुसऱ्यांदा बघत होते. मला माहीत होतं.
तरी.

घरी आलो तर सुनेत्रा आमटीला फोडणी देत होती.
"काय गं, नव्हतं ना काही तसलं?"
शर्वाणी बुटाची गाठ सोडवत होती.
"नव्हतं. शेवटी एकदाच मी ओजसचे डोळे झाकले."
"अगं बाई! काय दाखवलं?"
"पडद्यावर नाही," ती हळूच म्हणाली. "मावशी."

चमचा कढईत तसाच राहिला.
ओजस म्हणाला,
"मी बोटांच्या फटीतून पाहिलं."