दोन मिनिटं आणि काही सेकंद

उजेड आधी आला.
उरलच्या पायथ्याशी, उणे सोळातली सकाळ,
मी, गयाझ काचवाला, हातात काळा चहा,
आणि खिडकीच्या चौकटीची सावली
दारापासून चुलीपर्यंत सरकत गेली,
जसा कुणी सूर्य बगलेत मारून पळत होता.

मग काहीच नाही.
आभाळात धुराची दुहेरी रेघ.
अख्खी इमारत खिडक्यांशी आली.
इल्सियार तापानं घरी होती, तिनं काचेला नाक लावलं.
आवाज मागून चालत येत होता.

त्या दुपारी मी माझ्याच हातानं बसवलेली काच
पोरीच्या हनुवटीतून चिमट्यानं काढली.
एप्रिलपर्यंत बोटांचा लांबीचा वास गेला नाही.
पैसे मिळाले, खोटं कशाला बोलू,
लोकरीचं अस्तर लावलेले बूट घेतले.
घालताना अजून खाली बघवत नाही.

लोक म्हणतात, काळ आला होता, वेळ आली नव्हती.
आली होती की.
दोन मिनिटं आणि काही सेकंद.
आम्ही ती बघण्यात घालवली.
फक्त कुत्रं पलंगाखाली गेलं होतं.

आता इल्सियार चिलीत, एका उघड्याबोडक्या डोंगरावर
रात्रीचे फोटो एकावर एक ठेवून
कोणता ठिपका जागचा हलला ते शोधते.
फोनवर म्हणाली, तो सूर्याच्या आडून आला,
म्हणून कुणाला दिसला नाही.
दिसला असता तर? फोडला असतात?
हसली. वीस वर्षं आधी कळलं
तर नुसता एक धक्का, मुंगीच्या पावलाएवढा फरक.
बाकीचं अंतर बघून घेतं.

हे मला पटलं.
काच कापताना जोर लावतो तो शिकाऊ.
हिऱ्याची कणी एकदाच फिरवायची,
कानाला जेमतेम कळेल इतकी.
तडा कुठं जाणार ते तिथंच ठरतं.
एकदा सुटला, की हातोडा घेऊन मागं धावा,
वळत नाही.

अजून रात्री ट्रकचे दिवे भिंतीवरून सरकले
की मी मोजायला लागतो.
एकशे तीस, एकशे चाळीस. ट्रक केव्हाच गेलेला असतो.

पोरगी रोज एक ओळ पाठवते.
आज स्वच्छ. आज स्वच्छ. चंद्र जास्त आहे.
ज्या दिवशी लिहिते, "इथं ढग आलेत",
त्या रात्री मी उशी उचलून
भिंतीकडच्या बाजूला झोपतो.