नमुना सात

तलाठ्याच्या दप्तरातला नव्हे,
हा कापडाचा नमुना सात.
जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, तापल्या पत्र्याखाली
मी तो यंत्राच्या तबकडीवर ताणून बसवते.
वरून लोकरीचा गोळा दाबून धरतो
आणि घासत राहतो, वाटोळं, पुन्हा वाटोळं,
जातं फिरावं तसं.
पीठ म्हणून थोडी रुई पडते.

दर हजार फेऱ्यांना थांबवायचं, भिंगातून बघायचं.
दोन धागे तुटले की संपलं.
नमुना सात एकतीस हजारांवर तुटला.
साहेब म्हणाले, उत्तम.
मी लिहिलं, उत्तम.

मग त्याच कापडाचे सहा सदरे शिवून
रावेरकडच्या केळी कापणाऱ्या टोळीला दिले,
सोबत सहा कोयते,
तोलून, पात्यावर आकडा ठोकून.
पोळ्याला दिले, होळीला परत मागितले.

चिनावलच्या बांधावर गोणपाट अंथरून
मी वजनकाटा मांडला.
सदरे त्यांनी धुऊन आणले होते. लाजून.
पण केळीचा चीक आधी पाण्यासारखा असतो,
मग चहासारखा,
मग कायमचा.
माझ्या तक्त्यात 'डाग' हा रकाना टक्क्यांत होता;
मूळ रंग कुठला ते बघायला
मला एकाची शिवण उसवावी लागली.

सलाबत तडवीचा सदरा:
उजवा खांदा आत्ताच दुकानातून आणल्यासारखा.
डावा फाटला होता असं नाही,
डावा नव्हताच.
दोरे होते, जिथे तो असायला हवा तिथे,
आणि आतून गोणीचं ठिगळ, सुतळीने टाचलेलं,
तेही अर्धं गेलेलं.
वीस-बावीस किलोचा घड, दिवसाला दीडशेदा,
सरीतून ट्रकपर्यंत.
माझं यंत्र सगळीकडे सारखं घासतं.
त्याला खांदा माहीत नाही,
डावा तर नाहीच.

त्याचा कोयता नव्वद ग्रॅमने उतरला होता.
मी म्हटलं, केळीच्या दांड्याने एवढं पोलाद खाल्लं?
तो हसला.
"दांडा काय खाईल वो ताई, तो निस्ता पानी.
खातो तो दगड.
रोज पहाटे धार लावतो ना, तिथं गेलं ते."
शेऱ्याच्या जागेत, बारीक अक्षरात, मी नोंदवलं:
झीज वापराने थोडी,
तयारीने जास्त.

सहावा सदरा हसरतचा.
घडी मोडली होती, पण एकदाच.
"घातला नाही?"
"घातला ना. पोरीच्या मंगनीत, यावलला.
नवं कापड चिकात कसं घालू?"
खिशात बडीशेपेचे चार दाणे.
झीज शून्य, वापर एक दिवस.
संगणकाने ती ओळ चूक म्हणून लाल केली.
अजून लालच आहे, मी हात लावलेला नाही.

नमुना आठ छत्तीस हजारांवर गेला.
डाव्या खांद्याला दुहेरी कापड, आत पातळ गादी,
तिहेरी शिवण. सूचना माझी.
अहवालात पहिल्यांदा नाव छापलं, सुलभा नेहेते,
आईने ते पान देव्हाऱ्यापाशी ठेवलं.

काल तो घेऊन पुन्हा गेले.
सलाबतने अंगात चढवला, दंड फिरवून पाहिला,
गादीवर बोट दाबलं, मान हलवली.
मग वाकला
आणि पुढचा घड
उजव्या खांद्यावर घेतला.

"डावा गेला, ताई," तो जाता जाता म्हणाला,
"रोजे संपले तवापासून."

मी सदऱ्याकडे बघितलं.
तो तर धड होता.